सशाच्या आतड्यातील विष आणि विषबंधक द्रव्ये : एक तुलनात्मक विचार

प्रस्तुत लेखाचा विषय एका घरगुती घटनेतून निघाला. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका सहकाऱ्यांच्या घरी पाळलेल्या सशाच्या पायाला पिंजऱ्याची तार लागून जखम झाली. घरात मुलासाठी आणलेले अमॉक्सिसिलीनचे पातळ औषध शिल्लक होते. त्यातील थोडे थोडे सशाला तीन दिवस पाजण्यात आले. हेतू अर्थातच चांगला होता. चौथ्या दिवशी सशाने गवताला तोंड लावले नाही, त्याच्या लेंड्या सैल व बुळबुळीत झाल्या आणि पोट तटतटले. पशुवैद्यांकडे नेईपर्यंत घरात सल्ल्यांची कमतरता नव्हती. विषबाधेवर कोळसा देतात, तेव्हा कोळसा द्यावा, असे एकाने सुचविले. दुसऱ्याने मुलतानी मातीचे नाव घेतले. पशुवैद्यांनी मात्र कोलेस्टिरामीन हे माणसाच्या रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविण्यासाठी वापरले जाणारे औषध निवडले. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांनी विभागात प्रश्न टाकला : तिन्ही द्रव्ये जर विष बांधतात, तर त्यांतील एकाचीच निवड का करावयाची?

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर देण्यासाठी सशाची पचनसंस्था, विषाच्या रेणूचे स्वरूप आणि बंधक द्रव्याचा पृष्ठभाग ह्या तिहींचा एकत्र विचार करावा लागतो. तसा तो करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

१. सशाच्या पोटाचे वेगळेपण

ससा हा वनस्पत्याहारी प्राणी असला तरी गाईम्हशींप्रमाणे त्याचे किण्वन जठरात होत नाही. ते लहान आतड्याच्या पुढे असलेल्या अंधांत्रात, म्हणजे उंडुकात होते. हे उंडुक सशाच्या देहाच्या मानाने फार मोठे असून त्याची धारणाशक्ती जठराच्या अनेक पट असते. त्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या समाजावर सशाचे आरोग्य अवलंबून असते. हा समाज बिघडला की ससा बिघडला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

उपचाराच्या दृष्टीने सशाच्या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली अशी की, सशाला ओकारी होत नाही. त्यामुळे कुत्र्याच्या बाबतीत विषबाधेनंतर योजला जाणारा वांतीचा उपाय येथे उपलब्धच नसतो, व विषाला आतड्यातच गाठणे भाग पडते. दुसरी गोष्ट बृहदांत्रातील विलगीकरणाची. सशाच्या बृहदांत्रात जाड तंतू पुढे ढकलले जाऊन कठीण लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात. द्रव व बारीक कण मात्र उलट दिशेने पुन्हा उंडुकात नेले जातात. तिसरी गोष्ट म्हणजे उंडुकातील मऊ, श्लेष्मवेष्टित लेंड्या ससा गुदद्वारापाशीच तोंड लावून गिळतो. त्यातून त्याला जीवनसत्त्वे व सूक्ष्मजीवांची प्रथिने मिळतात. परंतु उंडुकात विष असेल, तर तेही ह्याच वाटेने पुन्हा जठरात येऊ शकते. म्हणून बंधक द्रव्याची एकच मात्रा सशाच्या बाबतीत पुरेशी मानता येत नाही.

२. सदर व्याधीचे स्वरूप

काही प्रतिजैविके सशाच्या तोंडावाटे दिली असता उंडुकातील नेहमीच्या सूक्ष्मजीवांचा नाश होतो आणि क्लॉस्ट्रिडियम वंशातील उपद्रवी जीवाणूंना मोकळे रान मिळते. लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन, अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन व एरिथ्रोमायसिन ही ह्या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत. परिणामी जी व्याधी उद्भवते तिला आंत्रविषरक्तता म्हणतात. प्रारंभी ह्या विषाचा संबंध क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सच्या ई प्रकाराशी जोडला जात असे, कारण त्याच्या आयोटा विषाविरुद्धच्या प्रतिविषाने ह्या विषाचेही निष्प्रभीकरण होई. १९८३ मध्ये बोरिएलो व कारमन ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या कार्यामुळे खरा जनक क्लॉस्ट्रिडियम स्पायरोफॉर्मे हा जीवाणू असल्याचे स्पष्ट झाले. हा जीवाणू वेटोळ्याच्या आकाराचा असल्यामुळे रंजित केलेल्या विष्ठेच्या काचपट्टीवरही तो ओळखू येतो.

ह्याचे विष दोन प्रथिनांचे बनलेले असते. एक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर बसून वाट उघडते. दुसरे आत शिरून पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिन ह्या प्रथिनाचे रासायनिक रूपांतर घडविते, आणि सांगाडा कोसळतो. दोन्ही प्रथिनांचे रेणुभार दशसहस्रांच्या घरात आहेत. ही संख्या पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल. नुकतीच दूध तुटलेली पिले आणि कमी तंतूंचा, पिष्टमय आहार मिळणारे ससे प्रतिजैविकाशिवायही ह्या व्याधीस बळी पडतात. उंडुकात पोचलेली शर्करा विषनिर्मितीस पोषक असते, हे त्याचे एक कारण मानले जाते.

३. 'बांधणे' म्हणजे काय?

विषबंधक ह्या एका नावाखाली निरनिराळ्या तीन क्रिया मोडतात. अधिशोषणात विषाचा रेणू घन द्रव्याच्या पृष्ठभागाला दुर्बळ आकर्षणांनी चिकटतो. आयन-विनिमयात घन द्रव्यावरील एक आयन सुटून त्याच्या जागी त्याच भाराचा विषाचा आयन बसतो. कीलेशनमध्ये एकच रेणू खेकड्याच्या नांगीप्रमाणे धातूच्या आयनाला दोन वा अधिक ठिकाणी पकडतो. पहिल्या दोन क्रिया आतड्याच्या पोकळीत घडतात. तिसरी मुख्यतः रक्तात घडवून आणली जाते.

कोणताही बंधक उपयोगी पडण्यासाठी चार अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. विष अद्याप त्याच्या आवाक्यात असले पाहिजे. विषाच्या रेणूशी त्याची रासायनिक जवळीक असली पाहिजे. तेथे असलेल्या इतर पदार्थांनी त्याच्या जागा आधीच व्यापलेल्या नसाव्यात. आणि एकदा धरलेले विष त्याने पुढे सोडता कामा नये. परीक्षानळीतील पाण्यात उत्तम ठरलेले द्रव्य प्राण्याच्या पोटात निष्प्रभ का ठरते, ह्याचा उलगडा बहुधा तिसऱ्या अटीत सापडतो.

४. सक्रियित कोळसा

सक्रियित कोळशाच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ साधारणतः एक हजार चौरस मीटरांच्या आसपास भरते. ह्या विशाल पृष्ठभागावर मध्यम आकाराचे, पाण्यात फारसे न विरघळणारे सेंद्रिय रेणू चटकन चिकटतात. अनेक वनस्पतिज अल्कलॉइडे, कित्येक कीटकनाशके व मानवी औषधे ह्यांवर कोळसा हाच पहिला उपाय आहे. मात्रा सामान्यतः शरीरभाराच्या दर किलोग्रॅमास १ ते ३ ग्रॅम अशी, पाण्यात कालवून दिली जाते. सशाने उंदीर मारण्याचे ब्रोमाडायोलोनसारखे विष खाल्ले आणि ते काही तासांतच लक्षात आले, तर कोळशाला पर्याय नाही. अर्थात पुढे जीवनसत्त्व के-१ द्यावे लागतेच.

परंतु कोळशाच्या मर्यादाही ठळक आहेत. शिसे, लोह, लिथियम ह्यांसारख्या धातूंचे आयन, मद्यार्क, तसेच तीव्र आम्ले व अल्के ह्यांना तो जवळजवळ धरत नाही. आपल्या प्रश्नाच्या संदर्भात त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. कोळशाचे पृष्ठफळ मुख्यतः ज्या सूक्ष्मरंध्रांत साठलेले असते त्यांची रुंदी दोन नॅनोमीटरहून कमी असते. ३१२ रेणुभाराचे अफ्लाटॉक्सिन बी-१ अशा रंध्रात सहज शिरेल. दशसहस्रांच्या घरातील प्रथिनाला मात्र ते दार बंदच असते. म्हणजे हजार चौरस मीटरांपैकी फार थोडा भाग जीवाणुज प्रथिनविषाच्या वाट्यास येतो. शिवाय जठरातून उंडुकात पोचेपर्यंत अन्नातील असंख्य पदार्थ त्याच्यावर बसलेले असतात.

येथे एक इशारा आवश्यक आहे. सॉर्बिटॉल मिसळलेला तयार कोळसा सशास देऊ नये. त्याने आतड्यात पाणी ओढले जाऊन आधीच शुष्क झालेला प्राणी अधिक शुष्क होतो. तसेच पिचकारीने घाईने पाजलेला कोळसा श्वासनलिकेत गेल्यास विषाहून उपचार घातक ठरतो.

५. मृत्तिका

मुलतानी माती, बेंटोनाइट व केओलीन ही नावे व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरली जातात. रसायनदृष्ट्या मात्र त्यांत मोठा भेद आहे. केओलीनचे थर एकमेकांस घट्ट धरलेले असतात, म्हणून बाहेरच्या पृष्ठभागापुरतेच त्याचे काम चालते. बेंटोनाइटातील मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट हे मात्र पाण्यात फुगते, त्याचे थर विलग होतात, आणि थरांवरील ऋण भारामुळे मधल्या जागेत धन आयन वसतीला असतात. ह्या मधल्या जागेत सपाट आकाराचा अफ्लाटॉक्सिनचा रेणू शिरून तेथील धन आयनांशी आपल्या ऑक्सिजन अणूंच्या द्वारे जखडला जातो.

अफ्लाटॉक्सिनाचा इतिहास आपल्याकडे विसरता येण्यासारखा नाही. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरशी आलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे मेले आणि ह्या विषाचा शोध लागला. १९७४ मध्ये गुजरात व राजस्थानच्या सीमेवरील पंचमहाल व बांसवाडा भागांत बुरसलेला मका खाऊन १०६ माणसे दगावली. ससा हा ह्या विषाला अत्यंत संवेदनशील असलेल्या प्राण्यांपैकी एक होय. भारतातील अंगोरा सशांत अफ्लाटॉक्सिनामुळे आलेल्या रोगाचे वृत्त १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेले आहे. पावसाळ्यात ओल लागलेले पेंडमिश्रित खाद्य घालणाऱ्या पालकाने ह्याची दखल घेतली पाहिजे.

टेक्सासमधील फिलिप्स व त्यांचे सहकारी ह्यांनी १९८८ मध्ये कोंबडीच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत ह्याच जातीच्या ॲल्युमिनोसिलिकेटाने अफ्लाटॉक्सिनाचे दुष्परिणाम पुष्कळ कमी होतात असे दाखविले. २०१३ मध्ये युरोपीय संघाने अफ्लाटॉक्सिन बी-१ वरील उपाय म्हणून बेंटोनाइटास खाद्यात मान्यता दिली. पण ती रवंथ करणारे प्राणी, कोंबड्या व डुकरे ह्यांच्यापुरती. सशांचे नाव त्या यादीत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पॅराक्वाट ह्या तणनाशकावरही मृत्तिका प्रभावी ठरते, कारण त्याच्या रेणूवर दोन धन भार असतात व मृत्तिकेच्या ऋण थरांना तो घट्ट बिलगतो. इतर बुरशीविषांवर, उदाहरणार्थ फ्युमोनिसिन किंवा झिअरालेनोन ह्यांवर, साध्या मृत्तिकेचा प्रभाव अगदीच अल्प आहे. थोडक्यात, मृत्तिका हा निवडक बंधक आहे : ज्याच्याशी जुळले त्याला सोडत नाही, इतरांकडे ढुंकून पाहत नाही. प्रसाधनासाठी विकली जाणारी, सुगंध मिसळलेली मुलतानी माती औषध म्हणून देणे अर्थातच अयोग्य होय.

६. कोलेस्टिरामीन

कोलेस्टिरामीन हे स्टायरीन व डायव्हिनिल बेंझीन ह्यांच्या बहुवारिकावर चतुर्थक अमोनियम गट जोडून केलेले रेझीन आहे. ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून रक्तात शोषले जात नाही, व आपल्यावरील क्लोराइड आयन सोडून त्यांच्या जागी पित्ताम्लांचे ऋण आयन धरते. ज्या प्रथिनांवर आतड्यातील परिस्थितीत एकूण ऋण भार असतो त्यांनाही ते धरू शकते. क्लॉस्ट्रिडियमांच्या विषांवरील त्याच्या उपयोगाचा हाच पाया होय.

सशांच्या बाबतीत ह्याचा प्रत्यक्ष पुरावा उपलब्ध आहे, आणि हेच त्याचे इतर दोघांहून वेगळेपण. लिपमन व सहकारी ह्यांचा प्रयोग १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रयोगशाळेतील सशांना क्लिंडामायसिन देऊन एका गटास रोज २ ग्रॅम कोलेस्टिरामीन २० मिलिलिटर पाण्यातून नळीने देण्यात आले, व दुसऱ्या गटास नुसते पाणी. रेझीन मिळालेल्या गटातील ससे वाचले. दुसऱ्या गटात आंत्रविषरक्ततेने मृत्यू घडले. प्रयोग लहान होता, आणि तो प्रतिबंधाचा होता, हे मात्र विसरता कामा नये. व्याधी जडल्यानंतर दिलेल्या रेझीनाविषयी त्यावरून सरळ अनुमान काढता येत नाही.

रेझीनाचेही दोष आहेत. पित्ताम्ले आणि उंडुकातील किण्वनातून निर्माण होणारी ॲसिटेट, ब्यूटिरेट इत्यादी ऋण आयने त्याच्या जागांसाठी विषाशी स्पर्धा करतात. प्रथिनाचा मोठा रेणू रेझीनाच्या कणात खोलवर शिरू शकत नाही, तो पृष्ठभागावरच थांबतो. रेझीन पाणी शोषून फुगते, म्हणून पुरेशा पाण्याशिवाय दिल्यास आधीच मंदावलेले आतडे अधिकच तुंबण्याचा संभव असतो. मेदात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांचे शोषण ते कमी करते. उंदरांच्या विषावर जीवनसत्त्व के देत असताना तोंडावाटे रेझीनही दिल्यास एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल. अन्य औषधांनाही ते बांधते, म्हणून ती त्याच्या एक तास आधी अथवा चार ते सहा तासांनंतर द्यावीत.

आणखी एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. औषधाच्या एका प्रचलित प्रकारात ९ ग्रॅमच्या पुडीत प्रत्यक्ष रेझीन ४ ग्रॅमच असते. उरलेला भाग बहुतांशी साखर व स्वादद्रव्ये ह्यांचा असतो. अशा पुडीतून २ ग्रॅम रेझीन द्यावयाचे तर साडेचार ग्रॅम पूड द्यावी लागेल व तिच्याबरोबर अडीच ग्रॅम इतर द्रव्ये पोटात जातील. ज्या व्याधीत उंडुकातील शर्करा विषनिर्मितीस हातभार लावते त्याच व्याधीत साखर पाजणे विसंगत आहे. म्हणून मात्रा नेहमी रेझीनाच्या वजनात मोजावी व शक्य तेथे साखरविरहित प्रकार घ्यावा.

७. विष रक्तात गेल्यावर

वरील तिन्ही द्रव्यांचे कार्यक्षेत्र आतड्याच्या पोकळीपुरते आहे. घरात मोकळे सोडलेले ससे दारे, खिडक्या, भिंती कुरतडतात. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या जुन्या रंगांचे थर असंख्य घरांत अद्याप शिल्लक आहेत. अशा सशाची भूक मंदावते, वजन घटते, रक्तक्षय होतो. हीच लक्षणे साध्या आंत्रमांद्याचीही असल्याने चूक सहज होते. येथे कोळसा निरुपयोगी. रक्तातील शिशाचे प्रमाण तपासून कॅल्शियम ईडीटीए अथवा सक्सिमर ह्या कीलेशनकारकांचा आश्रय घ्यावा लागतो. ईडीटीए मूत्रपिंडांना इजा करू शकते, म्हणून ते पशुवैद्यांच्या देखरेखीखाली व पुरेशा जलपूर्तीसह इंजेक्शनाने दिले जाते. आतड्यात शिशाचे तुकडे शिल्लक असल्यास ते आधी बाहेर पडू देणे इष्ट.

८. तुलनेचा निष्कर्ष

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमच्या सहकाऱ्यांच्या सशाने बाहेरून विष खाल्लेले नव्हते. विष त्याच्या उंडुकातच तयार होत असल्याचा संशय होता, आणि ते प्रथिनस्वरूप असणार होते. कोळशाच्या रंध्रांत ते मावत नाही. मृत्तिकेचे नाते प्रामुख्याने अफ्लाटॉक्सिन व पॅराक्वाट ह्यांसारख्या रेणूंशी. राहता राहिले रेझीन. त्याचे बंधन आदर्श नसले तरी सशावरील प्रयोगाचा आधार त्यालाच आहे. पशुवैद्यांची निवड ह्या दृष्टीने सयुक्तिक होती. बुरशीचे खाद्य, उंदरांचे विष किंवा जुना रंग असे निराळे कारण असते, तर निवडही निराळी झाली असती. उत्तम बंधक कोणता, हा प्रश्नच मुळी अपुरा आहे. कोणत्या विषासाठी, कोणत्या ठिकाणी आणि किती वेळानंतर, हे जोडल्यावरच तो शास्त्रीय प्रश्न होतो.

बंधकाकडून किती अपेक्षा करावी, ह्याविषयी मानवी वैद्यकातील एक अनुभव बोधप्रद आहे. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या विषांना बांधण्यासाठी टोलेव्हामर हे बहुवारिक खास तयार करण्यात आले होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत ते मेट्रोनिडाझोल व व्हँकोमायसिन ह्यांच्या तुलनेत कमी पडले. विष बांधले तरी विषाचा कारखाना चालूच राहिला, तर बंधकाचा साठा केव्हा ना केव्हा संपणारच. सशाच्या बाबतीतही कारणीभूत प्रतिजैविक तत्काळ बंद करणे, शरीरातील पाण्याची तूट भरून काढणे, वेदनाशमन करणे, गवताचे तंतू पोटात जात राहतील अशी व्यवस्था करणे आणि शक्य झाल्यास निरोगी सशाच्या मऊ लेंड्यांतून सूक्ष्मजीवांचे पुनःस्थापन करणे, हे उपचाराचे मुख्य अंग होय. बंधक हे त्याचे साहाय्यक आहे. शिवाय पेशीत शिरलेल्या विषावर त्याची मात्रा चालत नाही, म्हणून विलंब हाच येथे मोठा शत्रू ठरतो.

सदर ससा आठवड्याभरात पुन्हा गवत खाऊ लागला व आज तो सुखरूप आहे. तो रेझीनाने वाचला असे सहकाऱ्यांचे कुटुंबीय सांगतात. आम्हांस तसे म्हणता येत नाही. त्याच्या विष्ठेतील विषाची परीक्षा झालेली नव्हती, त्याला सलाइनही मिळाले होते, औषध बंदही झाले होते, आणि तुलनेसाठी दुसरा ससा नव्हता. एका प्राण्याच्या बरे होण्यावरून औषधाची योग्यता ठरविण्याचा मोह टाळणे, हे ह्या विषयाच्या विद्यार्थ्याचे पहिले कर्तव्य होय.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ह्यातून एक संशोधनाचा प्रश्नही सुचतो. बृहदांत्रातील विलगीकरणामुळे बारीक कण उंडुकात परत जातात, हे आपण पाहिले. मग बंधकाची पूड किती बारीक असावी? कण पुरेसे बारीक असतील तर त्यांतील बराच भाग विषाच्या उगमस्थानी थांबेल, व मऊ लेंड्यांबरोबर पुन्हा एकदा फेरी करील, असे अनुमान करता येते; जाड कण मात्र कठीण लेंड्यांतून निघून जातील. हे अनुमान तपासण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. निरनिराळ्या कणाकारांचे निरुपद्रवी द्रव्य खाद्यातून देऊन दोन्ही प्रकारच्या लेंड्यांत त्याचे प्रमाण मोजले, तरी प्रारंभ होऊ शकेल, आणि त्यासाठी एकाही सशाला आजारी पाडण्याची गरज नाही.

तोपर्यंत घरी ससा पाळणाऱ्यांना सांगण्यासारखी गोष्ट साधी आहे. माणसाचे उरलेले प्रतिजैविक सशाला तोंडावाटे देऊ नये. ही एक बाटली कपाटातच राहिली असती, तर वरील सर्व चर्चेची त्या सशाला गरज पडली नसती.